वाळत घातलेलं भात

ते प्रकरण आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी मुरबाड तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात जमादार होतो. शिक्षण सातवीपर्यंत, गाव तिकडे उस्मानाबादकडे. पोलीस खात्याने पोटाला लावलं, ते उपकार मी विसरत नाही. पण कागद लिहिताना कायम धास्ती असे, काही चुकलं तर परत गावी ज्वारी राखायला जावं लागेल.

दिवाळी होऊन गेली होती. टोकावड्याकडचा एक शेतकरी पाय मोडून ठाणे शहरात इस्पितळात होता, बायको त्याच्या उशाशी. त्याचा चुलतभाऊ आमच्या पोलीस ठाण्यात आला. "साहेब, दादाचं भात कापून नेलं कोणी. घरी कोणी नाय बघून डाव साधला."

मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि रस्त्यावरच्या ढाबेवाल्याला गाठलं. तो आमचा खबऱ्या. तो म्हणाला, "त्या कंपाउंडरला धरा. भारे डोक्यावरून नेताना मी पाहिलाय."

कंपाउंडर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेला, वसईकडचा ख्रिस्ती माणूस. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची दाढी करायचा, रस्त्यात अडकलेल्या परक्याला घरी नेऊन जेवू घालायचा. ढाबेवाला डोळा मारून म्हणाला, "फुकट कोण राबतं साहेब? काय तरी डाव हाय त्याचा." मलाही तेच वाटत होतं.

त्याला आणला. फिर्यादी समोर बाकड्यावरच बसला होता.

"भात तू कापलंस?"

"हो साहेब. पिकलं होतं, दाणा गळत होता."

"मालकाने सांगितलं होतं?"

"नाय."

"मजुरी?"

"नाय घेतली."

"मग भात कुठाय?"

"नीट हाय. मालकाला सांगीन."

"मला सांग!"

त्याने नकारार्थी मान हलवली. मी एक कानफटात दिली. चष्मा खाली पडला. त्याने तो उचलला, पुसला, पण तोंड उघडलं नाही. बाकड्यावरून फिर्यादी हसला, "अजून दोन द्या साहेब, बोलंल."

दुपारी पंचनाम्याला शेतावर गेलो. गावचा पोलीस पाटील बरोबर होता. कापून उरलेल्या खुंटांवर भाताची पाती अजून पसरलेली होती. मी विचारलं, "हे काय?"

पाटील हसला. "तुमी ज्वारीवाले, साहेब. भात कापलं की दोन-तीन दिवस शेतातच आडवं टाकून वाळवतात. मग भारे बांधायचे. भारे नेल्यावर ही पाती राहिलीत."

"म्हणजे तीन दिवस इथेच पडून होतं?"

"दिवसाढवळ्या. अख्ख्या गावानं पाहिलंय. फिर्यादीचं घर तर ते समोर."

चोर चोरीचा माल मालकाच्याच शेतात तीन दिवस वाळत घालील का? आणि समोर राहणारा चुलतभाऊ तीन दिवस गप्प का बसला? ठाण्यात परतून फिर्यादीला हेच विचारलं. शेवटी त्याने कबूल केलं. कापून, वाळवून, बांधून तयार झालेले भारे उचलायला तो टपला होता. त्याच्याआधीच ते हलले, म्हणून ही फिर्याद.

त्याला बाहेर काढलं. दार लोटून कंपाउंडरला पुन्हा विचारलं. तो लगेच म्हणाला, "बौद्धवाडीत, माझ्या शेजारणीच्या खळ्यावर रचून ठेवलंय साहेब. तिच्या दोन्ही सुना भारे वाहायला आल्या होत्या. मघाशी तो ऐकत होता, कसं सांगणार? बाईमाणसाच्या दारात भांडण गेलं असतं."

फिर्यादीला समोर बसवून आरोपीला विचारणारा मी होतो.

"पण तुला यात काय मिळतं?"

"आमच्या येशूनं आजाऱ्याला विचारायला सांगितलंय. मालकाला इस्पितळात डॉक्टर विचारतायत. त्याच्या भाताला कोण विचारील?"

शेतकऱ्याची बायको आली, खळ्यावर भात पाहून रडली. तिचा जबाब लिहून प्रकरण मिटवलं. गुन्हा नोंदवला नव्हता, तेवढा बचावलो. चुलतभावाला आमच्या फौजदार साहेबांनी समज दिली.

कंपाउंडरने थपडेची तक्रार केली नाही. जबाब लिहिताना मी दोनदा खाडाखोड केली. तो म्हणाला, "सावकाश लिवा साहेब. जेवलाव काय सकाळपासून?" आणि घरून भाकरी मागवली. ती मी खाल्ली.

पुढच्या नोकरीत मी फिर्यादीला आधी बाहेर बसवायचो. फुकट राबणाऱ्याचा संशय मात्र सुटला नाही, तो खात्याचा रोग आहे. फक्त संशय आला की हात उचलण्याआधी शेत बघून यायचो. त्या माणसाची माफी मागायची राहून गेली.