कॅसेटचा कान

हे आजवर माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. बायकोनंसुद्धा नाही — आणि तिला तर माझी दाढ दुखली तरी चेहऱ्यावरून कळतं. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मिलिंदला ओळखत नाही, म्हणून. ओळखत असता तर मी आत्ताही चहा पिऊन, हवापाण्याच्या गप्पा मारून उठलो असतो.

सुरुवात कुठून करू? नाचापासून करतो. ती त्यातली बरी बाजू आहे.

ऐंशीच्या दशकात नाशकात कुणाची हळद असली की मांडवात आमची कॅसेट लागायची. 'गावठी डिस्को'. हसू नका, नाव मीच ठेवलं होतं. वरच्या कागदावर आम्ही दोघं, काळे चष्मे घालून, गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, उभे. मागं कुणाची तरी धोतरं वाळत होती, ती फोटोत आलीच. मिलिंद गायचा आणि ठेका बघायचा, मी सिंथेसायझर वाजवायचो. माझ्या मेहुण्यानं तो आखातातून आणला होता. अख्ख्या पेठेत तसं दुसरं वाद्य नव्हतं, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू द्यायचो नाही.

मिलिंद अंबडच्या कारखान्यात लेथवर होता. मी कचेरीत कारकून. पंचवटीत एका पिठाच्या गिरणीमागं खोली घेतली होती, तिथं आमचं सगळं चालायचं. गिरणीवाला दुपारी जेवायला गेला की गाणी भरून घ्यायची — नाहीतर प्रत्येक गाण्यात घरघर. कॅसेटच्या एका बाजूला जुनी लग्नातली गाणी, पण आमच्या ठेक्यात. आज त्याला रिमिक्स म्हणतात. आम्ही 'जुनं पीठ चाळणं' म्हणायचो. दुसऱ्या बाजूला आमची स्वतःची नवी गाणी. ती बाजू माझी होती. निदान मला तसं वाटायचं.

मिलिंदची आई — मी मावशी म्हणायचो — मूळची निफाडकडची. वडील मिलिंदच्या लहानपणीच गेले होते. मावशीनं मिलिंदला आणि धाकट्या सुजाताला दुसऱ्यांच्या द्राक्षांच्या बागेत राबून वाढवलं. मी कामगार कॉलनीत त्यांच्या घरी गेलो की आधी ताट पुढ्यात यायचं. "खाय रे. लय वाळला तू. आन् तुमचं ते डबडं बंद कर आधी, कोंबडीवाणी टकटक करतंय." त्या घरात मी किती भाकऱ्या खाल्ल्या, सांगता येणार नाही. हे मुद्दाम सांगतोय. नंतर तुम्हाला वाटू नये की मी कुणा परक्याचं वाईट केलं.

मावशी गायची. शिकलेलं काही नाही, ओव्या. खोकला लागल्यावर, आपलं आता फार राहिलं नाही हे तिला समजलं तेव्हा, तिनं मिलिंदला टेप लावायला सांगितलं. सुजाताच्या हळदीला मी नसणार, म्हणाली, तर आत्ताच गाऊन ठेवते. मी तिथं नव्हतो, पण ती ओवी मला पाठ आहे. नसती पाठ तर बरं झालं असतं.

*हळद लागली लेकीला, मी गं दाराआड उभी —*
*नको बोलावू मला बाई, इथूनच बघू दे छबी.*

मधे एकदा खोकते. मग हसते. मग पुन्हा गाते. तिच्या आवाजाचं तेवढंच काय ते मागं राहिलं होतं. घरात तिचा धड फोटोसुद्धा नव्हता, एक होता त्यात डोळे मिटलेले.

ती गेल्यावर मिलिंदनं त्या कॅसेटचे कान मोडले. तुमच्यातल्या तरुणांना हे समजायचं नाही. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन चिमुकल्या पट्ट्या असायच्या, त्यांना आम्ही कान म्हणायचो. ते मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. आत जे आहे ते राहतं. पण मोडल्या जागी कागदाचा बोळा कोंबला, तर यंत्र फसतं. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. जुन्या कॅसेटी आम्ही तशाच वापरायचो.

मिलिंदच्या मनात आलं की शेवटचं गाणं आईच्या ओवीनं सुरू करायचं. आधी नुसती तीच, मग हळूच ठेका. मी हो म्हणालो. कॅसेट काढणारा शेठ मेनरोडवर बसायचा, त्याला आम्ही सगळी गाणी ऐकवली. माझ्या गाण्यांना तो काउंटरवर बोटं वाजवत होता, गिऱ्हाईकाशीही बोलत होता. शेवटचं गाणं अजून भरायचं होतं, म्हणून मावशीची मूळ कॅसेटच लावली; ती लागली तसा गप्प झाला. चष्मा काढला, पुसला. म्हणाला, "हे ठेवा. बाकीचं काय, कुणीही वाजवतं."

कुणीही वाजवतं.

तुम्हाला हे वाक्य क्षुल्लक वाटेल. मी पेटीच्या परीक्षा दिलेल्या होत्या हो! रात्रंदिवस बोटं झिजवलेली. आणि एक अंगठेबहाद्दर बाई, सूर कशाशी खातात हे ठाऊक नसलेली — असंच आलं मनात. ह्याच शब्दांत. जिच्या हातचं खाल्लं तिच्याबद्दल. मेलेल्या बाईचा मत्सर कधी कुणी केलाय? मी केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिलिंद कामावर होता. गिरणी बंद झाली. आईची कॅसेट डेकजवळच पडली होती, त्याच्या अक्षरात वर चिठ्ठी: 'आई'. शेजारी कोऱ्या कॅसेटीही होत्या. म्हणजे गफलत झाली, हाताला लागली ती घातली, असं म्हणायला जागा नाही. मी वर्तमानपत्राचा कपटा फाडला. थुंकी लावून बोळा केला. कानाच्या जागी कोंबला. आणि लाल बटण दाबून वाजवायला बसलो.

तसं मी आयुष्यात पुन्हा कधी वाजवलं नाही. हे सगळ्यात घाण आहे त्यातलं. बोटं नुसती पळत होती. मधे एका ठिकाणी मी सगळं थांबवलं — श्वासभर शांतता — आणि मग ठेका असा कोसळला की माझ्याच अंगावर काटा आला.

संपलं तसं बटण बंद केलं. हे काय केलं? पण हे वाटायला जेवढा वेळ लागला, त्याहून कमी वेळात पुढचं सुचलं. ओल्या बोटानं ती 'आई' लिहिलेली चिठ्ठी सोडवली. माझ्या रियाजाची तसलीच एक कॅसेट होती, तिच्यावर चिकटवली. मग तिच्यातली फीत बोटांनी बाहेर ओढली, चुरगाळली, दोन ठिकाणी तोडली. संध्याकाळी मिलिंद आला, त्याला म्हणालो, "टेपनं रीळ खाल्लं रे."

त्यानं ते भेंडोळं उचलून घेतलं. मग माझ्याच पाठीवर हात ठेवला. "रडू नको, सुध्या. यंत्रच ते. तुझा काय दोष?" मी रडत होतो खरा. कशासाठी, ते नका विचारू.

नंतर मी त्याला नवं गाणं ऐकवलं. तो उभाच राहिला. "काय वाजवलंस रे! आईला पण आवडलं असतं." तेच कॅसेटचं शेवटचं गाणं झालं. त्याचं नाव त्यानं ठेवलं — 'दाराआड'.

इथंच थांबलं असतं तर कदाचित मी विसरलोही असतो. माणूस काय काय पचवतो! पण मिलिंद लेथवरचा माणूस, मोडलेलं टाकून देणं त्याच्या हाताला माहीत नव्हतं. रोज कामावरून आला की ते भेंडोळं घेऊन बसायचा. फीत सतरंजीवर पसरायची, बोटाच्या उलट्या बाजूनं सपाट करायची, तुटलं तिथं चिकटपट्टीचा केसाएवढा तुकडा लावायचा, पेन्सिलीनं गुंडाळायची. सुजाता फीत धरून समोर बसायची. मी जायचो, चहा प्यायचो, "होईल रे होईल" म्हणायचो. काय होणार होतं? आत माझे सारेगम होते.

महिने गेले. एके दिवशी फीत पूर्ण झाली, त्यानं लावली. मी तिथं होतो. खरखर, खरखर — आणि मग माझा रियाज. वर चढणारे, खाली उतरणारे सूर. मला वाटलं, आता उठून माझं नरडं धरतो. त्यानं कॅसेट काढली, उलटी केली, मागची कड बघितली.

कान शाबूत होते. बदललेल्या कॅसेटीचे कान मोडायचे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"मीच मोडले नाहीत," मिलिंद म्हणाला. "मला वाटत होतं मोडले. तू चिठ्ठी न बघता रियाज भरलास, तुला काय माहीत. मीच आईला उघडं ठेवलं रे."

तेव्हा बोलायचं होतं. चूक करणं वेगळं, हो ना? चिडला, डोकं फिरलं, केलं. पण समोरचा माणूस तुमचं पाप उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवतोय आणि तुम्ही चहाचा कप बघताय — त्याला काय म्हणायचं? कप निळ्या फुलांचा होता. कडेचा टवका उडालेला. मी तोच बघत बसलो.

सुजाता वर्षभर भावाशी बोलली नाही. एका घरात राहून. त्याला वाढायची, पण शब्द नाही. मिलिंदनं गाणं सोडलं. मी विचारलं तर म्हणाला, "कुठल्या तोंडानं गाऊ?"

आणि आमची कॅसेट मात्र गाजत होती. सिडकोत, सातपूरला, चांदवडपर्यंत. पंचवटीतल्याच एका लग्नात मोठे स्पीकर लावले होते, मी जवळच उभा होतो. 'दाराआड' लागलं. मधला थांबा आला, ती श्वासभर शांतता — आणि आतून कुणीतरी म्हणालं, *उभी*.

मी तसाच निघालो. घरी जाऊन मूळ कॅसेट लावली, स्पीकरला कान चिकटवला. होती. आमच्या डेकचं पुसायचं हेड मळलेलं होतं, आधीचं सगळं त्यानं पुसलं जात नव्हतं. ठेक्याखाली मावशी पहिल्यापासून शेवटपर्यंत गात होती, नुसती कुजबुज, आणि त्या थांब्यात तेवढ्या एका शब्दापुरती वर येत होती. म्हणजे मी तिला पुरती मारू शकलो नव्हतो. म्हणजे ती मिलिंदला परत देता आली असती — थोडी का होईना. मी कॅसेट पेटीत ठेवली, कुलूप लावलं.

मग सुजाताची हळद आली. तोवर बहीणभाऊ बोलायला लागले होते. कॉलनीत मांडव, दुपारची वेळ, मी नेहमीसारखा डेकपाशी. बायका हळद लावत होत्या, पोरं ओरडली, "गावठी डिस्को लावा!" नाही कसं म्हणणार? मी लावली. शेवटचं गाणं यायच्या आत कॅसेट काढायचं ठरवलं होतं. पण मिलिंद नाचत होता — आई गेल्यापासून पहिल्यांदा — आणि मी त्याच्याकडे बघत राहिलो.

थांबा आला. सुजातानं हात वर केला, कोपरापर्यंत पिवळा.

"दादा. आई."

नाच थांबला. मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं. "सुध्या, मागं घे. परत लाव."

मी फीत मागं घेतली. परत लावली. तो थांबा कुठं येतो हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? बरोबर त्या जागी मी आवाजाचं बटण खाली फिरवलं, आणि ठेका यायच्या क्षणी वर. कुणाला कळलं नाही. हात तयार होता माझा.

"खरखर आहे रे," मी म्हणालो. "स्पीकर जुना झालाय."

मिलिंद बहिणीजवळ खाली बसला. "भास गं तो, सुजू." ती हो म्हणाली. मान खाली घालून बसून राहिली, आणि बायकांनी उरलेली हळद लावली.

ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. बोळा मी काढून टाकलाय. मिलिंदचं घर इथून चालत जाण्याएवढं. बाजारात भेटतो, भाजीच्या पिशव्या खाली ठेवून बोलत उभा राहतो, आणि कधीतरी मधेच म्हणतो, "तेव्हा कान मोडले असते ना रे मी —"

आणि मी म्हणतो, "जाऊ दे रे, मिलिंद. होतं असं माणसाकडून."