जर्मनीचं मडगार्ड

धम्मपाल थोरवडेला कुणी 'डेंटर' म्हटलं की तो हातोडी खाली ठेवून त्या माणसाकडं नीट बघतो. "पोचे काढतो त्यो डेंटर. मी पत्र्याचं काम करतो." मग हातोडी पुन्हा उचलतो. कराडहून मसूरला जाणाऱ्या रस्त्याला त्याची शेड आहे. शेडच्या मधोमध चिंचेचा एक ओंडका, त्याला वर वाटीसारखा खोलगट खळगा, आणि त्या खळग्यात ठोकून ठोकून तो सपाट पत्र्याला हवी ती गोलाई देतो. काम झालं की हातावर मलमलीचं फडकं घेऊन, डोळे मिटून, पत्र्यावरून तळहात फिरवतो. डोळा फसतो, तळहात फसत नाही, असं त्याचं मत आहे आणि त्यावर वाद घालायची सोय नाही.

वय बावन्न. स्वतःची गाडी म्हणाल तर एक जुनी लूना. तरी दर रविवारी सकाळी नऊला हायवेच्या कडेच्या हॉटेलात गाडीवेड्यांची बैठक बसायची, तिथं त्याची खुर्ची ठरलेली असायची. हॉटेलासमोर उभ्या राहणाऱ्या निम्म्या गाड्या त्याच्याच हाताखालून गेलेल्या, मग खुर्ची कोण नाकारणार?

बैठकीचे पुढारी दोन. एक लालासाहेब, फौजेतून सुभेदार होऊन आलेले, लिलावातली मिलिटरी जीप बाळगणारे. दुसरा ऋषिराज, कृष्णाकाठच्या ऊसवाल्या घरातला, इथंच इंजिनियर झालेला आणि दोन वर्षं जर्मनीत नोकरी करून परतलेला. ऋषिराज धम्मपालहून वीस वर्षांनी लहान, म्हणून धम्मपाल त्याला सरळ अरे-तुरे करायचा. त्यावरून कुणाच्या भुवया वर गेल्या तर तो त्या खुशाल जाऊ द्यायचा.

ऋषिराजनं तोंड उघडलं की म्युनिक.

"काय तो मोटार शो! आपलं अख्खं मार्केट यार्ड एका दालनात बसंल. आणि बाहेर बियर. एक-एक लिटरचा काचेचा मग, आणि वाढणारी बाई दहा मग एकदम उचलून आणते."

"आमच्या कॅन्टीनच्या रमपुढं तुझी बियर म्हंजे ताक," लालासाहेब म्हणायचे.

"मिस्त्री, तुमी म्युनिकला गेला तर काय पिणार?" ऋषिराजचा हा प्रश्न दर महिन्याला एकदा यायचाच, कारण धम्मपाल पंचशील नुसतं म्हणणारा नव्हता, पाळणारा होता.

"पाणी. का, तितं पाणी मिळत न्हाई?"

"बियरपेक्षा महाग मिळतं."

"मग घरनं नेईन."

सगळे हसायचे. एकदा ऋषिराजनं गमतीनं तसला लिटरचा मग त्याला आणून दिला. धम्मपालनं तो शेडमधल्या फळीवर ठेवला आणि त्यात खडू, पंच, पाने टाकले. बियरच्या भांड्याला कामाला लावलं, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला मुद्दाम सांगायचा.

ऋषिराजकडं आजोबांची साठ सालाच्या आसपासची जर्मन गाडी होती. तीस वर्षं मळ्यातल्या छपराखाली उभी, आणि तिचं पुढचं डावं मडगार्ड गंजून चाळणी झालेलं. पठ्ठ्यानं थेट जर्मनीहून नवं मागवलं. मागवताना साल बघितलं ते आरसी बुकात. आता आरसी बुकात साल होतं साताऱ्यात नोंद झाल्याचं; गाडी कारखान्यातून निघाली होती त्याच्या दोन वर्षं आधी. खोक्यातून निघालेलं मडगार्ड चकचकीत होतं, सुबक होतं, फक्त दिव्याचं भोक भलतीकडं आणि कड दोन बोटं बाहेर.

"जर्मन लोक चुकत न्हाईत," ऋषिराज हताश होऊन म्हणाला.

"त्ये न्हाई चुकलं. तू चुकलास," धम्मपाल म्हणाला. "टाक हितं. मी करतो."

पाच महिने लागले. चार पत्रे वाया गेले, पाचवा बसला. रंग होऊन गाडी उन्हात उभी राहिली तेव्हा धम्मपालनं उजव्या मडगार्डवरून हात फिरवला, मग डाव्यावरून, आणि त्याचं त्यालाच कळेना कुठलं कारखान्याचं आणि कुठलं चिंचेच्या ओंडक्यावरचं. आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम हेच, हे त्याला त्याच क्षणी कळलं. जर्मनीचं मडगार्ड त्यानं पोत्यात गुंडाळून आढ्याला टांगलं. काढलेला किंवा न बसलेला भाग मालकानं नेईपर्यंत तो फेकत नाही.

सांगलीत जुन्या गाड्यांचं प्रदर्शन जाहीर झालं. आदल्या आठवड्यात ऋषिराज शेडवर आला आणि नजर टाळत म्हणाला, "मिस्त्री, मी अस्सल वर्गात नाव दिलंय. सगळे भाग कंपनीचे पाहिजेत. मडगार्ड जर्मनीचं लिहिलंय. कुणी विचारलं तर तुमी नुसतं बसवलं म्हणा."

"मी न्हाई म्हणणार."

"मग गप्प तरी बसा. एवढंच."

तो गेल्यावर धम्मपालला आठवला त्याचा बाप केरबा. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या वर्कशॉपात उसाच्या ट्रॉल्या बांधल्या. प्रत्येक ट्रॉलीच्या फाळक्यावर मोठ्या अक्षरात वर्कशॉप मालकाचं नाव. हंगामात बाप लेकाला साखर कारखान्याच्या गेटवर घेऊन जायचा आणि रांगेतल्या ट्रॉल्यांकडं हळूच बोट करायचा, "ती आपली. ती बी आपली." हळूच का, हे पोराला तेव्हा समजत नव्हतं. समजलं तेव्हापासून त्याच्या पोटात जी आग आहे ती विझलेली नाही.

रविवारी तो लालासाहेबांच्या जीपमधून सांगलीला निघाला. पायाशी पोतं.

"काय रं हाय त्यात?" पेठ नाक्यावर चहा घेताना लालासाहेबांनी विचारलं.

"सांगलीत सोडतो."

कॉलेजच्या मैदानावर गाड्या ओळीनं लागल्या होत्या. परीक्षक होते आप्पासाहेब, उभा जन्म सांगलीत इंजिनांच्या वर्कशॉपात काढलेले, पांढऱ्या मिशांचे. ते ऋषिराजच्या गाडीपाशी आले, खिशातून रुमाल काढून तळहाताखाली धरला, डोळे मिटले आणि मडगार्डवरून हात फिरवला. धम्मपाल चार पावलांवर उभा होता. हा हात शिकलेला आहे, हे त्यानं ओळखलं.

"ह्ये नवं दिसतंय. कुठनं आणलं?"

"जर्मनीहून मागवलं," ऋषिराज म्हणाला.

"तरीच! असलं काम आपल्याकडं कुठलं व्हायला?"

झालं. एवढ्या एका वाक्यावर धम्मपालची गप्प बसायची होती नव्हती ती सगळी ताकद संपली. तो पुढं झाला, पोत्याची सुतळी तोडली आणि ते चकचकीत मडगार्ड गाडीच्या पुढं गवतावर ठेवलं.

"आप्पासाहेब, जर्मनीहून आलं त्ये ह्ये. लावून बघा, बसतंय का."

"मिस्त्री!" ऋषिराज ओरडला. आजूबाजूचे लोक गोळा झाले. आप्पासाहेब खाली बसले, हे बघितलं, ते बघितलं, दिव्याच्या भोकात बोटं घालून अंतर मापलं.

"कशावर ठोकलंस?"

"चिंचेच्या ओंडक्यावर. पाच महिने."

"काम नंबरी हाय गड्या." म्हातारा गुडघ्यावर हात देऊन उठला. "पन ही गाडी आता अस्सल वर्गात बसत न्हाई. बाद करावी लागंल."

"वर्ग तुमचा, तुमी ठरवा. फकस्त कागदावरचं जर्मनी खोडा आन् कुणी केलं त्ये लिवा."

"त्याला रकाना न्हाई रं फॉर्मवर."

"मग समासात लिवा."

आप्पासाहेबांनी क्षणभर त्याच्याकडं बघितलं आणि पेनच त्याच्या हातात दिलं. धम्मपालनं बॉनेटवर कागद ठेवला आणि ठळक अक्षरात, सावकाश लिहिलं: धम्मपाल केरबा थोरवडे, कराड. बापाचं नाव त्यानं पुन्हा एकदा गिरवलं.

कप दुसऱ्याच कुणाला मिळाला. निघताना ऋषिराज एवढंच म्हणाला, "तुमच्यामुळं माझी इज्जत गेली."

"तुझा कप गेला. इज्जत तू फॉर्म भरतानाच घालवलीस."

आठवडाभर शेडवर कुणी फिरकलं नाही. शनिवारी लालासाहेबांचा फोन आला, "उद्या नको यिऊस गड्या. त्यो लय तापलाय."

रविवारी बरोबर नऊला धम्मपाल हॉटेलात हजर. काखेत तो लिटरचा मग, खडूची भुकटी धुऊन लख्ख केलेला. त्याची खुर्ची कुणीतरी उचलून पलीकडच्या टेबलाला लावली होती. त्यानं ती स्वतः ओढून आणली, नेहमीच्या जागी ठेवली आणि तो मग काउंटरवर देऊन त्यात काठोकाठ चहा भरून घेतला. ऋषिराज मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला.

धम्मपालनं तो मग दोन्ही हातांनी उचलून टेबलाच्या मधोमध ठेवला.

"जर्मनीच्या मोटार शोचं लय वर्सं ऐकलं," तो म्हणाला. "आता तुमी ऐका. सांगलीच्या मोटार शोचं मी सांगतो."