साहेबांनी टेबल धरलं

धड चालणाऱ्या यंत्राची गोष्ट कुणी सांगत नाही. बिघडलं की मात्र येणारा-जाणारा एकेक गोष्ट टाकून जातो. चाकणजवळ आमच्या जागेत माझी सून सुनंदा ट्रकचा वजनकाटा चालवते. मी केबिनच्या दारात बसलेली, त्यामुळे सगळ्या माझ्यापाशीच साठल्यात.

काट्यावर ट्रक आला की वजन कॉम्प्युटरवर दिसतं, पावती निघते. दसऱ्यानंतर कॉम्प्युटर मधेच बंद पडायला लागला. ट्रक उभा, पडदा काळा, मागं रांग पार रस्त्यापर्यंत. ज्या कंपनीच्या गाड्या येतात, तिथल्या साहेबांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, पुन्हा रांग लागली तर गाड्या दुसऱ्या काट्यावर." त्या गाड्या गेल्या की आमचा काटा बंदच.

*

रिपेअरवाल्या पप्पूने कॉम्प्युटरचा डबा उघडला. पंख्यात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. खंडेनवमीला माझ्या लेकाने, बाळूने, पाना-पकडीबरोबर कॉम्प्युटरलाही हार घातलेला.

"बाळूभाऊ, पंखा अडकला की मशीन तापतं, मग बंद पडतं."

"ट्रकला पण हार घालतो की. तो पडतो का बंद?"

"ट्रक फुलं गिळत न्हाई, भाऊ."

पाकळ्या काढल्या. दुपारपर्यंत चालला, मग पुन्हा गेला.

*

रांगेतला एक बीडचा ड्रायव्हर खाली उतरून आला. "ताई, गाडी तापली की आमी बोनेट उघडं ठेवतो. ह्याचंबी ठेवा."

डबा उघडा ठेवला, समोर टेबलफॅन लावला. पहिली पावती निघाली ती थेट दाराबाहेर. ड्रायव्हर ट्रकच्या चाकांमधून तिच्यामागं धावतोय, अन् आत पडदा काळा.

*

मग पप्पू म्हणाला, लाईट खालीवर होते, युपीएस घ्या. नवा घेतला. कॉम्प्युटर बंद पडला तरी त्याचा हिरवा दिवा आपला चालूच.

सुनंदा म्हणाली, "पप्पू, हा तर मयताजवळ दिवा लावून बसलाय."

त्या दिवशी ती जेवली नाही. बाळू हळूच म्हणाला, "काटा भाड्याने देऊन टाकू."

"यंत्र बंद पडतंय. मी न्हाई," ती म्हणाली. मी ताट झाकून ठेवलं.

*

अन् मग एक दिवस साहेब स्वतः आले. रांग रस्त्यापर्यंत लागलेली, पडदा काळा. त्यांनी फोन काढला, "आता मी गाड्या वळवतो," म्हणाले, आणि नंबर शोधत टेबलाला रेलून उभे राहिले. सुनंदाने बटण दाबलं. कॉम्प्युटर चालू झाला. एक ट्रक झाला, दुसरा झाला.

साहेब सरळ उभे राहिले. पडदा काळा.

सुनंदाने त्यांच्याकडे बघितलं. "साहेब, पुन्हा टेका."

ते टेकले. पडदा उजळला. पप्पू कुठली तार सैल आहे ते बघायला टेबलाखाली वाकला, तशी सुनंदा ओरडली, "हात लावू नको! आधी रांग संपू दे."

साहेब तसेच वाकडे उभे. घाम मानेवरून कॉलरमध्ये चाललेला. एकेक पावती निघत होती. तेवढ्यात त्यांचाच फोन वाजला. पलीकडून कुणीतरी मोठ्याने विचारत होतं, गाड्या कुठं पाठवायच्या?

साहेबांनी एकदा सुनंदाकडे बघितलं, एकदा रांगेकडे.

"इथंच पाठवा," ते म्हणाले. "मी टेबल धरलंय."