पोस्टकार्डाची पाचवी ओळ

मी वह्या ठेवणारा माणूस. आलेली पत्रं, गेलेली पत्रं, उत्तर न आलेली पत्रं — तिन्हींची वेगळी वही. अशा माणसाकडे भुतंखेतं फिरकत नाहीत असं माझं मत होतं. अजूनही बऱ्यापैकी आहे... एक पोस्टकार्ड सोडून.

लढाईच्या काळात जळगावात आमचं सिनेमाधंद्याचं साप्ताहिक निघायचं; मी त्याचा मॅनेजर. खानदेशातले थिएटरवाले, तंबूवाले शनिवारच्या खेळाचा रिपोर्ट मंगळवारपर्यंत पोस्टकार्डावर पाठवत. तो वाचून बाकीचे आपलं बुकिंग ठरवत. कागदाची टंचाई, म्हणून माझा नियम — एका गावाला चार ओळी. चौथीखाली लाल रेघ मारायची, खालचं वाचायचंसुद्धा नाही.

एका मंगळवारी भडगावच्या तंबूवाल्या नानांचं कार्ड आलं.

‘शनिवारी गर्दी चांगली.
दुसऱ्या रिळाला आवाज गेला.
तिसऱ्या रिळाला बकरी शिरली.
पडद्याचा कोपरा खाल्ला.’

रेघ मारली. गुरुवारी छापलं. शुक्रवारी नाना अंक नाचवत ऑफिसात!

“साहेब, हाई काय छापं? मना खेळ तर उद्या शे!”

खरंच की... मागच्या शनिवारी त्यांचा तंबू उभाच नव्हता. मी कार्ड काढून पुढे ठेवलं. नानांनी पहिली ओळ बोटाने गिरवून पाहिली.

“अक्षर मनंच शे. पन मी लिखं नही.”

आमचे मालक आबा शांतपणे म्हणाले, “न झालेल्या खेळाचा रिपोर्ट! उद्यापासून आपल्याला कार्ड कोण पाठवील? तुम्ही भडगावला जा. खोटं ठरलं तर दुरुस्ती छापा, आणि वह्या घेऊन घरी बसा.”

शनिवारी तंबूच्या दारातच नाना भेटले. “गावन्या बठ्ठ्या बकऱ्या बांधी टाक्यात. आते कथाईन येई?”

गावातली एकूण एक बकरी बांधलेली. मी पुढच्या रांगेत बसलो आणि जन्मात पहिल्यांदा देवाकडे बकरी मागितली.

दुसरं रीळ लागलं — आवाज गेला. तार मीच कापल्यासारखे नाना माझ्याकडे पाहू लागले. तिसरं रीळ... कनात हलली. फाटक्या कानाची एक पांढरी बकरी पाहुणीसारखी आत आली, थेट पडद्याकडे गेली आणि कोपरा चघळायला लागली. आमचा अंक हॉटेलात मोठ्याने वाचून झालेला असल्यामुळे पब्लिक तिची वाटच बघत होतं.

“उनी, उनी!” टाळ्या, शिट्ट्या.

“पकडा तिले!” नाना ओरडले.

माझी नोकरी वाचली होती. त्या आनंदात मीच उठून तिच्या मागे धावलो. गिरणेच्या काठापर्यंत ती दिसत होती, पुढे नाही. दुसऱ्या दिवशी नानांनी घरोघर विचारलं. फाटक्या कानाची बकरी गावात कुणाकडेच नव्हती.

सोमवारी ऑफिसात आबांनी कार्ड मागवलं. बराच वेळ वाचत राहिले.

“लाल रेघेखालचं वाचलंत?”

“नियम नाही, आबा.”

त्यांनी कार्ड माझ्यापुढे सरकवलं. रेघेखाली, त्याच अक्षरात —

‘पेपरचे मॅनेजर बकरीमागे धावले. चिखलात उजवी चप्पल गेली.’

आबा टेबलाखाली वाकून माझे पाय पाहत होते. चपला कोऱ्या होत्या.

त्या संध्याकाळी मी शक्य कारणांची यादी केली. नानांची चेष्टा, पोस्टाचा घोळ, कुणीतरी उतरवलेलं अक्षर, निव्वळ योगायोग. चारही तपासली, चारही खोडली. खाली पाच आकडा घालून ठेवलाय... पुढची जागा अजून कोरी आहे.