कलमं करारावर, मी बडोद्याला

रत्नागिरी स्टेशनच्या फलाटावर आई पहिल्यांदा आली ती मला सोडायला. अठ्ठ्याण्णव साल, वैशाख सरत आलेला, कातळावरून नुसती आग येत होती. केरळातून गुजरातेत जाणारी गाडी समोर येऊन उभी राहिली तशी ती दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, "हीच काय रं तू बांधलेली?" मला हसू आलं. मी काही रेल्वे बांधली नव्हती. बोगद्याचं काम घेतलेल्या एका ठेकेदाराकडे स्टोअर सांभाळायचो, सिमेंटच्या गोण्या नि सळ्या मोजून द्यायचो. पण तिने गावभर तसंच सांगितलं होतं आणि मीही कधी ते खोडून काढलं नव्हतं. गाडी सुटताना तिने खिडकीतून भाकऱ्यांचं फडकं दिलं. "वाईच खा नि मंग झोप," एवढंच म्हणाली.

ज्या गाडीसाठी आम्ही राबलो तिचा बोगदा त्याच्या दोन वर्षं आधीच पुरा झाला आणि आमचं काम संपलं. रेल्वे बांधून झाली की बांधणाऱ्यांना घरी जावं लागतं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण काम जोरात होतं तेव्हा आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात ते आलं नाही. उलट मी पतपेढीतून कर्ज काढून टेंपो घेतला, ठेकेदाराकडे भाड्याने लावला आणि स्वतःला मोठा हुशार समजलो. ठेकेदार यंत्रं गुंडाळून दुसऱ्या मुलखात गेला. मी टेंपो घेऊन हातखंब्याच्या नाक्यावर उभा राहिलो, तर माझ्यासारखे हुशार तिथे रांगेने उभे होते. शेवटी टेंपो येईल त्या किमतीला विकला. कर्ज मात्र फिटलं नाही आणि व्याज चढत राहिलं.

मग धंदा बदलायचे प्रयोग झाले. शहरात कॉम्प्युटरच्या क्लासला गेलो, तिथली मुलं मला काका म्हणायची. विमा विकायला घेतला, तर नातेवाईक मला बघून मागच्या दाराने शेतावर जाऊ लागले. मुलाखतीत अनुभव विचारायचे. बोगद्यावरचं स्टोअर म्हटलं की समोरचा माणूस कागद बाजूला ठेवायचा. लग्नाचं बोलणं निघेनासं झालं. घरी कोणी आलं की आई सांगायची, "रजेवर आलाय." ती रजा इतकी लांबली की लोकांनी विचारायचंच सोडलं.

तेव्हा आईनेच दारातली कलमं करारावर द्यायचं काढलं. बाबांनी लावलेली ती हापूसची कलमं. बाबा जाऊन फार दिवस झाले नव्हते. व्यापारी काही वर्षांचे पैसे आगाऊ देतो आणि तेवढी वर्षं फळ त्याचं. झाडं आपल्या अंगणात, सावली आपली, आंबा त्याचा. त्या पैशांनी पतपेढीचा तगादा तात्पुरता थांबला. बाकीचं फेडायला मी बडोदा गाठलं.

बोगद्यावरचा एक वायरमन तिकडे लिफ्ट दुरुस्तीत गेला होता, त्याच्या ओळखीने मला हेल्पर म्हणून घेतलं. मी चौतिशीतला आणि माझा उस्ताद विशीतला. गोण्या मोजलेल्या हातांना बारीक वायरी जुळवणं जमेना. तो पोरगा डोक्याला हात लावून बसायचा. "चालशे, भाऊ, चालशे," चालेल म्हणायचा आणि सगळं उसकटून पुन्हा करायला लावायचा. तिकडे मराठी माणूस म्हणजे भाऊ, नावाची कुणाला गरज पडत नाही. लिफ्ट मध्येच अडकली की आतल्या माणसाला धीर देणं माझ्याकडे असायचं. दाराला तोंड लावून मी म्हणायचो, "गभराशो नहीं, हूं अहीं छूं." घाबरू नका, मी इथे आहे. बाहेर आल्यावर ती माणसं घाईने निघून जायची. कित्येक दिवस असे गेले की त्यांच्याखेरीज मी कुणाशी बोललोच नाही. फार एकटं वाटायचं. तुमच्यातले जे मस्कतला गेले, मुंबईला गेले, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

हंगामात मी एसटीडी बूथवरून घराशेजारच्या दुकानात फोन करायचो, दुकानवाले आईला बोलावून आणायचे. एका वर्षी ती सहज बोलून गेली की लोणच्यासाठी बाजारातून कैऱ्या विकत आणल्या. दारात झाडं लगडलेली आणि ही कैऱ्या विकत आणते! मी भडकलो. व्यापारी काही वाईट माणूस नव्हता, चार कैऱ्यांना नको म्हणाला नसता. ती शांतपणे म्हणाली, "पैसे त्येंनी मोजलेत, आंबे त्येंचे." मी फोन ठेवला. मागच्या माणसाने काच वाजवली तेव्हा बूथमधून बाहेर आलो.

कर्ज फिटायला दोन हजार पाच उजाडलं. पुढच्या वर्षी करारही संपला. तोवर रत्नागिरीत उंच इमारती उठू लागल्या होत्या, त्यांत लिफ्टही बसत होत्या. माझ्या हातात कसब आलं होतं. मी ठरवलं, आता कायमचं घरी जायचं. आईला चकित करायचं म्हणून कळवलं नाही. खोली सोडली, गादीची वळकटी केली, हत्यारं ट्रंकेत भरली. दारातली कलमं आता आपली आहेत, मीही आलोय, हे तिला कसं सांगायचं याची गाडीत कितीदा तरी उजळणी केली.

रिक्षा अंगणात थांबली तेव्हा आई कलमाखाली पाचोळा लोटत होती. आधी हसली. मग वळकटी उतरली, ट्रंक उतरली, आणि तिचा चेहरा पडला. झाडू हातातच राहिला. ती माझ्याकडे बघेना, ट्रंकेकडेच बघत राहिली. मग शेजारी ऐकू जाऊ नये अशा आवाजात तिने विचारलं, "काम सुटला काय रं?"

गाडीत केलेली उजळणी मी सोडून दिली. रत्नागिरीत काम मिळेल म्हटलं, तरी ते हातात येईपर्यंत तिला पुन्हा लोकांना "रजेवर आलाय" म्हणून सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "नाय गो आये. खोली बदलतोय, म्हणून सामान आणलंय. सोमवारी जानार."

तिने मोठा श्वास सोडला. लगेच कुंपणापाशी जाऊन शेजारणीला मोठ्याने सांगितलं, "पोरगा आलाय माझा! सोमवारी कामावर जानार हाय." मग मला आंबा कापून दिला. इतक्या वर्षांनी आपल्या झाडाचा आंबा, आणि मी तो सोमवारच्या गाडीची वेळ आठवत खाल्ला.

सोमवारी मी निघालो. अजून बडोद्यातच आहे. घर कुठे म्हणून कुणी विचारलं तर रत्नागिरी सांगतो, दुसरं काही तोंडात येतच नाही. माझं घर तिथेच आहे. मी तिथे नसतो, तेव्हा माझी आई त्या घरात निर्धास्त झोपते.