तीन वाटा आणि आक्कांचा पाय

वाटा जोडायची कल्पना माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण घरात आता कुणी तसं म्हणत नाही. सगळे म्हणतात, आक्कांच्याच मनात होतं. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. त्या स्वतःही तसंच सांगतात, आणि मी गप्प बसते.

आमचं सासर नेवाशाकडचं, प्रवरेच्या काठावर. आक्कांचं माहेर अकोले तालुक्यातल्या डोंगरात, भंडारदऱ्याच्या वर. माझं माहेर पार उलट्या दिशेला, पाथर्डीजवळ, जिथे नदीही नाही आणि पाऊसही बेताचाच. तिन्हीकडे देवाला पायी जायची आपापली वाट आहे. आक्कांच्या माहेरची माणसं रतनवाडीच्या महादेवाला जातात. आमच्या सासरची शुक्रवारी दुपारून निघून शनिवारी शिंगणापूर गाठतात. माझ्या माहेरच्या बाया मोहट्याच्या देवीला. या वाटांवर झेंडे नाहीत, मंडप नाहीत, जेवणावळी नाहीत. पाच-दहा माणसं असतात आणि त्यातली दोन वाटेत कुणाच्या तरी ओट्यावर बसून राहतात.

निवृत्त झाले त्या वर्षी मी शाळेच्या उरलेल्या एका वहीत रेघा मारल्या आणि तिन्ही वाटा एकमेकींना जोडल्या. रतनवाडीपासून नदी धरून खाली नेवासं, तिथून शिंगणापूर, मग वृद्धेश्वर, मढी, माझं माहेर आणि शेवटी मोहटा. त्यांच्या माहेरापासून माझ्या माहेरापर्यंत, सगळं पायी. पंधरा-सोळा दिवसांचं काम.

"मास्तरीणबाई, वहीत चालायला लई सोपं असतं," आक्का म्हणाल्या. पण वही त्यांनी दोनदा मागून घेतली आणि रेघांवरून बोट फिरवून पाहिलं.

जावा जावा नि उभा दावा म्हणतात. आमचा दावा कधी उभा राहिला नाही, बसूनच असायचा. तीसेक वर्षं एका चुलीवर काढली. पुरणपोळी त्यांचीच चांगली, गाय त्यांच्याच हाताला दूध देणार, सासूबाईंनी शेवटचं पाणी मागितलं तेही त्यांच्याकडे. मी शाळेत शिकवत होते, चार पुस्तकं वाचत होते, तरी पाहुणा आला की आधी त्यांच्या पाया पडायचा. या एका प्रवासात तरी शेवट माझ्या दारात व्हावा, माझ्या भावांनी आम्हाला ओवाळून घ्यावं, इतकंच माझ्या मनात होतं. इतकंच म्हणते, पण ते थोडं नव्हतं.

पौष सरता सरता रतनवाडीहून निघालो. मी पुतण्याने, म्हणजे आक्कांच्या मुलाने, आणून दिलेले बूट घातले. आक्का अनवाणी. "देवाच्या वाटंवर चपला? मंग घरीच बसावं की." त्यांना शुगर होती, बरीच वर्षं. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक, आणि मधल्या वेळात कुणी हातावर ठेवेल तो प्रसाद. मी डोळे वटारले की म्हणायच्या, "परसादात साखर नसती गं, देव असतो."

तिसऱ्या दिवशी पहाटे, राजूरच्या अलीकडे, एका वाडीतल्या बायांनी आमच्यासाठी शेकोटी पेटवली. थंडी अशी की बोलताना दात वाजत होते. आक्का भाताच्या लावणीचं काहीतरी रंगात येऊन सांगत होत्या आणि मला वास आला. केस जळल्यासारखा, पण त्याहून जड. मी खाली पाहिलं. आक्कांची डावी टाच निखाऱ्यावर टेकली होती.

"आक्का, पाय!" मी ओरडले.

त्यांनी पाय मागे घेतला, अगदी सावकाश. टाच काळवंडली होती, वरचा पापुद्रा सुटला होता. "काय न्हाई झालं," त्या म्हणाल्या आणि भाताचं पुढे सांगू लागल्या. एका म्हाताऱ्या बाईने हात जोडले. "लई पुण्याचा पाय हाय बाई तुमचा," ती म्हणाली.

मला तेव्हाच कळलं होतं. आमच्या शाळेशेजारी आरोग्य उपकेंद्र होतं. त्याच्या भिंतीवर तक्ता होता, शुगरवाल्यांचे पाय बधिर होतात, रोज तळवे तपासा. तो तक्ता मी पोरींकडून मोठ्याने वाचून घेत असे. आणि तरी मी त्या बायांना हसून म्हणाले, "आमच्या आक्का आहेतच तशा." टाचेला खोबरेल लावलं आणि पुढच्या गावी तीच गोष्ट मीच रंगवून सांगितली. शेकोटीवरच्या पायाला चटकाही बसला नाही, असं सांगितलं. तिथून ती गोष्ट मोबाईलवरून आमच्यापुढे धावू लागली.

संगमनेर मागे पडलं तशी दोन्ही बाजूंनी ऊस चढला. वाट उसाच्या मधून बोळासारखी जाते. ट्रॅक्टर ट्रॉल्या ओढत जवळून जायचे, आणि ते गेले की इतकं सामसूम व्हायचं की आपल्याच पावलांची चाहूल नकोशी वाटे. गावाच्या तोंडाशी बाया तांब्या घेऊन उभ्या असायच्या. आक्कांच्या पायावर पाणी घालायच्या, डोकं टेकायच्या. माझ्या बुटात तीन बोटांची कातडी निघाली होती, मी लंगडत होते, पण माझ्या पायाचं कुणी विचारलं नाही. मला राग यायचा. साठीला आलेल्या बाईला शोभत नाही, पण यायचा. रोज संध्याकाळी आक्कांचे तळवे बघायला हवेत, हे डोक्यात यायचं आणि मी म्हणायची, बघतायत की इतक्या जणी.

बेलापूरपासून एक भुरं कुत्रं मागे लागलं. ते माझ्याजवळ येत नसे. आक्कांच्या टाचेला नाक लावून चालायचं. लोक म्हणाले, देवानं सोबत धाडली. मी दगड मारला की थोडं मागे सरायचं आणि परत यायचं. मला ते कुत्रं बघवत नव्हतं.

नेवाशात, आमच्या स्वतःच्या घरी, एकच रात्र थांबलो. पुतण्या म्हणाला, "आई, आता बास झालं, पुढचं गाडीनं जा." आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "हिचं माहेर राहिलंय ना," त्या म्हणाल्या.

शिंगणापुरात तेलाने फरशी निसरडी झालेली असते, तिथे मी त्यांचा दंड धरून चालले. दुपारी ओळखीच्या एका घरी आडव्या झालो. घराला दार नाही, चौकटीला पडदा. पडदा हलला की वारा आत यायचा आणि त्याबरोबर एक आंबूस वास. मी आधी मोरीकडे पाहिलं. मग आक्कांकडे पाहिलं. त्या गाढ झोपल्या होत्या. कुत्रं उंबऱ्याशी बसलं होतं. मी कूस बदलली आणि पदर नाकावर घेतला.

बाभळीचा मुलूख नेवासं सोडल्यापासूनच लागला होता. दोन दिवसांनी सकाळी वृद्धेश्वराला पोहोचलो. डोंगराच्या कुशीत झाडी आहे, पाणी आहे, बरं वाटतं तिथे. देवळाबाहेर बसून मी म्हटलं, "द्या पाय इकडे, पुसून देते." डावा पाय मांडीवर घेतला. टाचेवर काळी खपली धरली होती. बोटांच्या खाली, चवड्यावर, एक काळा ठिपका होता आणि भोवती जांभळं पडलेलं. काटा मोडून आत गेला होता. मी मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टीपिन काढली. पिन टेकवली तशी आत गेली, लोण्यात जावी तशी. पू आला. बाभळीचा काटा करंगळीच्या पेराएवढा निघाला. आक्का समोरच्या वडावरची माकडं मोजत होत्या.

"दुखलं का?" मी विचारलं.

"काय?" त्या म्हणाल्या.

मी काटा त्यांना दाखवला, पाय दाखवला. त्यांनी वाकून पाहिलं. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर मला भीती दिसली. त्या म्हणाल्या, "दुखत तर न्हाई. पन तू शिकलेली हायेस. तू सांग, थांबायचं का?"

खाली रस्त्यावर जीप उभी होती. ड्रायव्हर "पाथर्डी, पाथर्डी" ओरडत होता, दोन सीटा रिकाम्या होत्या. हे मला आजही दिसतं. माझ्या भावाचा सकाळीच फोन आला होता, दारात मांडव घातलाय, गाव येणार आहे. जीपमधून उतरून लंगडत मांडवात जायचं आणि पंधरा दिवसांचं चालणं वहीत राहायचं. मी म्हणाले, "दोनच मुक्काम राहिलेत आक्का. हळद भरते."

"मंग चल," त्या म्हणाल्या. हळद भरून मी जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. चांगली घट्ट बांधली.

मढीला वास लपेना. आक्का दोनदा म्हणाल्या, लई तहान लागलीय. माझ्या माहेरी संध्याकाळी पोहोचलो. ताशा वाजला, फुलं पडली. सगळं मी मनात धरलं होतं तसं झालं. माझी वहिनी परात घेऊन आली, पाय धुवायला. आधी माझे धुतले. मग आक्कांची पट्टी सोडली आणि पाणी घातलं. परातीतलं पाणी काळपट झालं. वहिनीचा हात थांबला. तिने वर माझ्याकडे पाहिलं. ताशा चालूच होता.

सकाळी मोहट्याला निघायचं होतं. आक्का उठल्याच नाहीत. अंगात ताप फणफणलेला, गुडघ्यापर्यंत पाय तांबडा आणि तंग. भावाने गाडी काढली आणि आम्ही देवीकडे पाठ करून नगरला निघालो. पुतण्या नेवाशाहून परस्पर दवाखान्यात आला. तो तापट आहे, बापावर गेलाय.

डॉक्टरांनी पट्टी काढली आणि मागे न बघता विचारलं, "हे केव्हापासून आहे?"

पुतण्या दारात उभा होता. आक्कांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तापाने त्यांचे ओठ फाटले होते. "कालपासनं," त्या म्हणाल्या. "काल काटा मोडला."

डॉक्टरांनी मला विचारलं, "बरोबर?"

मी म्हणाले, "हो. काल."

त्यांनी तसं लिहून घेतलं. पहिल्यांदा दोन बोटं काढली. आठवड्याने गुडघ्याखालचा पाय. दुसऱ्या ऑपरेशननंतर मी डॉक्टरांना बाहेरच्या वऱ्हांड्यात गाठलं आणि खरं सांगितलं. दोन दिवस आधी आणलं असतं तर, असंही विचारलं. ते थकलेले होते. "बोटांवर भागलं असतं कदाचित," ते म्हणाले, "पण आता कशाला." माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

या गोष्टीला आता वर्ष होईल. पुतण्याला माहीत नाही. गावात बाया म्हणतात, पुण्याचा पाय होता, देवानंच मागून घेतला. आक्का ओसरीवरच्या खाटेवर बसून लसूण सोलतात, गाईला तिथूनच हाका मारतात. माझ्याशी पूर्वीपेक्षा मायेने बोलतात, आणि तेच मला सोसत नाही.

पण तिन्हीसांजेला त्यांचा चेहरा आक्रसतो. जन्मभर त्यांच्या तोंडून दुखतंय असा शब्द ऐकला नव्हता. आता दुखतो. काढून टाकलेला पाय दुखतो. बोटांत कळा येतात म्हणतात, तळवा वळतो म्हणतात. असं होतं, डॉक्टर म्हणाले, पाय जातो पण डोक्याला ते कळत नाही.

"जरा दाब गं," आक्का म्हणतात. मी खाटेच्या कडेला बसते आणि गोधडीच्या त्या सपाट जागेवर दोन्ही हातांनी दाबते. माझी बोटं थेट खाटेच्या सुंभाला लागतात. त्या डोळे मिटून सांगतात, "जरा खाली. हां, तितंच. आता बोटं." मी बोटं दाबते, एकेक करून, पाचही. हळूहळू त्यांचा श्वास शांत होतो.

परवा मला राहवलं नाही. हात तिथेच ठेवून मी म्हणाले, "आक्का, त्या दिवशी वृद्धेश्वराला मी..."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "तू दाब," त्या म्हणाल्या. "बोलू नगं."