अकराशे शेहेचाळीस नंबरचं खोकं

चौतीस वर्षं मी रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत फिटर होतो. बसून केलेल्या कामाला मी काम मानत नव्हतो. माझी भाची रुचिता बसूनच काम करते. एका शनिवारी ते मी जवळून पाहिलं.

ती नव्या रायपुरातल्या एका कंपनीत आहे. संगणक आणि डिस्क यांच्यामध्ये माल, म्हणजे माहिती, पोचवणारा एक प्रोग्राम असतो, ड्रायव्हर. तो तिने आणि तिच्या ऑफिसातल्या लोकेशने दीड वर्ष खपून लिहिला. त्यात खोट निघाली. हजारो फाइली नीट उतरायच्या, मधेच एखादीत कचरा. सोमवारपर्यंत कारण सापडलं नाही तर ड्रायव्हर रद्द, असं साहेबांनी बजावलं होतं. चूक लोकेशच्या भागात आहे, असं रुचिता भर मीटिंगमध्ये बोलून बसली होती.

तिच्या घराशेजारी लग्नाचा भोंगा वाजत होता, म्हणून सकाळीच ती तात्यापाऱ्यात आमच्याकडे आली. टेबलावर लॅपटॉप ठेवला, त्याला एक डिस्क जोडली.

"अकरा दिवस झाले, मामा. पाहूनच राहिली मी."

"पाहून काय होते? खूण केली का कुठं?"

तिने समजावलं. डिस्कवर जाण्याआधी माल मेमरीतल्या खोक्यांत थांबतो. त्यांना बफर म्हणतात. माल गेला की खोकं रिकामं करायचं. "रिकाम्या खोक्यात मी खूण भरते. ती खूण फाइलीत निघाली. म्हणजे डिस्कनं माल उचलायच्या आधीच कोणीतरी खोकं रिकामं केलं. पण कोणी, ते कळत नाही. खूण सगळ्यांची एकच."

"मग नंबर काहून नाही टाकत?"

आमच्या कारखान्यातली रीत तिला ठाऊक होती. ज्याने वॅगन दुरुस्त केली त्याने आतल्या बाजूला खडूने आपला हजेरीचा टोकन नंबर लिहायचा. वॅगन परत आली की वाद नाही, ज्याचा नंबर त्याची वॅगन.

खोकी पाच जागांहून रिकामी होत होती. तीन जागा लोकेशच्या, दोन तिच्या. तिने प्रत्येक जागेला वेगळा नंबर दिला.

"तुमचा टोकन नंबर सांगा. माझ्या एका जागी टाकते. तिथं तर वांधा निघणारच नाही."

"अकराशे शेहेचाळीस. माझं नाव खराब करू नको."

तिने फाइली सोडल्या. खोट यायला अर्धा-पाऊण तास लागायचा. ती खुर्चीत बसेना, मीही बसलो नाही. माझ्या बायकोने, कलावतीने, आणलेला चहा दोघांचाही निवला. बत्तिसाव्या मिनिटाला फाइलींची गाडी थांबली. तिने खराब फाइल उघडली.

११४६ ११४६ ११४६. ओळीमागून ओळ.

"मामा, तुमचाच नंबर."

"माझा नाही, पोट्टी. तुझा."

ती हसायला लागली. अकरा दिवसांत पहिल्यांदा. डिस्कने पाच सेकंदांत उत्तर दिलं नाही तर ती मेली असं धरून रुचिताचा भाग खोकं रिकामं करायचा आणि माल नव्या खोक्यातून पुन्हा पाठवायचा. डिस्क मेलेली नसायची, नुसती सुस्त. उशिरा जागी होऊन जुन्याच खोक्याला हात घालायची आणि पुन्हा पाठवलेल्या चांगल्या मालावर त्यातला कचरा ओतायची.

कोड दुरुस्त करण्याआधी तिने फोन लावला.

"लोकेश भैया, गलती मेरी निकली. आपके हिस्से में कुछ नहीं है."

"मीटिंग में भी बोलोगी?"

"हव. सबके सामने."

"पहले ठीक करो मैडम, फिर बोलना."

तिने नियम बदलला. डिस्कचं उत्तर येईपर्यंत, किंवा ती बंद केल्याची खात्री होईपर्यंत, खोक्याला हात लावायचा नाही. दुपारभर फाइली चालल्या. रविवारी दिवसभर चालल्या. एकही खराब नाही.

सोमवारी दुपारी तिचा फोन आला. चूक सगळ्यांसमोर सांगितली, ड्रायव्हर राहिला.

"माझा नंबर पुसला का?" मी विचारलं.

"काहून पुसू? वॅगन परत आली तर?"

मी तिच्या कामाला काम म्हणतो.